खणवाल्यांचं स्वयंपाकघर

पेद्रा मान्सा गावात झेनाइदेला तिच्या आडनावाने कोणी ओळखत नसे. चर्चच्या नोंदीत ते लांबलचक आडनाव होतं, पण गावाच्या तोंडी तिचं घराणं एकच, खणवाले. "कुठली झेनाइदे?" "अगं, खणवाल्यांची. सुतारकाम करते ती." शाळेत पोरं तिच्या बाकाच्या खणात पावाचे तुकडे कोंबून ठेवायची आणि "पाहुणे आले, लपवा, लपवा!" म्हणून गलका करायची. तेव्हापासून तिला खण या वस्तूचाच तिटकारा बसला होता.

नावामागची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. मिनास प्रांतातल्या त्या डोंगराळ मुलुखात जुन्या जेवणाच्या टेबलांना प्रत्येक खुर्चीसमोर एक खण असतो. कशाला? तर पाहुणा दारात दिसला की पुढ्यातलं ताट आत सरकवायला. निदान चेष्टा तरी अशीच करतात. खण सगळ्यांच्याच टेबलांना होते, पण रंगेहाथ सापडलं ते एकच घर. झेनाइदेचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, एका दुपारी, आनाक्लेतो नावाचा शेजारी रीतीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराने आत आला. सुरी हवी म्हणून त्याने आपल्याच हाताने टेबलाचा खण ओढला, तर आत वाफाळतं ताट! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आनाक्लेतोच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्यात तो नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांच्या नावाने गाणाऱ्या मंडळीचा म्होरक्या, जागच्या जागी कवन जुळवणारा. नाव त्यानेच ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

त्याच संध्याकाळी झेनाइदेचे वडील बेलार्मिनो यांनी हातोडी घेतली आणि टेबलाचे सगळे खण खिळे ठोकून बंद करून टाकले. झेनाइदे त्याच टेबलावर जेवत लहानाची मोठी झाली. न उघडणाऱ्या खणांवर तिचे गुडघे आपटायचे आणि आपले आईबाप एवढे कंजूष का, असा प्रश्न घशाशी येऊन परत खाली जायचा. विचारायची सोय नव्हती. त्या घरात खण हा शब्दच कोणी उच्चारत नसे.

पुढे ती शहरात जाऊन कपाटं करायला शिकली, परत आली आणि गावाच्या वेशीजवळ तिने स्वतःचा कारखाना टाकला. दारावर पाटी लावली, 'लाकूडकाम'. बस, एवढंच. नाव लिहायचं म्हणजे कुठलं लिहायचं?

त्या वर्षी बेलार्मिनो छातीच्या दुखण्यातून उठले. डॉक्टरने धुराला बंदी केली. आई ओर्लांदिनाने नवस बोलला होता की नवरा हिंडताफिरता झाला तर तीन राजांच्या मंडळींना शेवटच्या दिवसाचं जेवण आपल्या घरी घालीन. आता ही मंडळी नाताळपासून निशाण घेऊन घरोघर गात फिरतात आणि राजांच्या सणादिवशी एका घरी पंगत बसते. तो मान मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. खणवाल्यांच्या घरी मात्र मंडळी आजवर फक्त कॉफी पिऊन पुढे गेलेली. ओर्लांदिना स्वतः आनाक्लेतोच्या दारात गेली आणि मान मागितला. त्याने टोपी मागे सारून म्हटलं, "येऊ की, दोना ओर्लांदिना. का नाही येणार? फक्त घरून जेवून येऊ, म्हणजे तुमच्याकडे जेवायला बरं." अंगणातले सगळे खो खो हसले. पण नवसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो हो म्हणाला.

झेनाइदेने हे ऐकलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, "आई, तुला असं स्वयंपाकघर करून देते की त्या म्हाताऱ्याची बोलती बंद होईल."

आणि तिने करून दाखवलं, यात शंका नाही. आठवडाभर ती आईच्या मागे मागे नुसती फिरली. आई कुठे वाकते, कुठे टाचा उंचावते, गरम कढई हातात असताना कुठे वळते, सगळं तिने डोळ्यांत भरून घेतलं. "काय गं, पोलिसासारखी मागे लागलीस?" आई म्हणायची. मग झेनाइदेने पाडलेल्या जुन्या घरांतली पेरोबा झाडाची गुलाबी लाकडं आणली, चहूबाजूंनी रंधा मारला, आणि कामाला लागली. चुलीला नवं धुराडं बसवलं. ओटा आईच्या कमरेच्या मापाचा केला, कारण जुन्या ओट्यावर ती बिचारी जन्मभर खांदे वर करून कणीक मळत आली होती. त्याच ओट्याखालून एक फळी बाहेर यायची, बसून चीज घातलेल्या पावाचे गोळे वळायला. कॉफी गाळायच्या कापडी पिशवीला चुलीशेजारी खुंटी, खाली थेंब पडतील तिथे दगडाची खोलगट वाटी. चीज मुरवायला जाळीचं कपाट, वाऱ्याच्या तोंडाला. पेरूचा पाक आटवायच्या तांब्याच्या घंगाळाला दोन हातांनी उचलता येईल अशी खालची रुंद जागा. सरपणाच्या कपाटाला दोन दारं, एक अंगणातून लाकडं टाकायला, एक आतून घ्यायला. आणि चुलीच्या कट्ट्याशेजारी बेलार्मिनोसाठी पाठ टेकायची जागा, कारण संत्री सोलत तिथेच बसून ते गावच्या बातम्या ऐकत.

बघायला येणाऱ्या बायका दारांवरून हात फिरवायच्या. एकही दार कुरकुरत नव्हतं, एकही फट दिसत नव्हती. झेनाइदेला आपल्या हातांचा असा अभिमान वाटला की तो तिने लपवलाही नाही. कोणी कौतुक केलं की ती म्हणायची, "हो, चांगलंच झालंय." जुनं टेबल तिने कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन टाकलं आणि त्या जागी नवं, गुळगुळीत, चार पायांवर नुसती फळी असलेलं टेबल ठेवलं.

त्या सगळ्या स्वयंपाकघरात एकही खण नव्हता.

चमचे डब्यात उभे, सुऱ्या भिंतीवरच्या पट्टीला, फडकी टोपलीत, झाकणं खाचांत. खणावाचून भागतं हे तिने सिद्ध करून दाखवलं होतं, आणि तिच्या मते ही सगळ्यांत मोठी कारागिरी होती. गावाला हे कळायला कितीसा वेळ? आनाक्लेतो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "खणवाल्यांनी खण काढून टाकले! मग आता लपवतात कुठे? अख्खं कपाटच केलं असेल." पुन्हा हशा. ज्याने तोंड बंद व्हायचं, त्यानेच ते आणखी उघडलं.

नाताळ झाला आणि झेनाइदेच्या लक्षात आलं की आई नव्या स्वयंपाकघरात घुसमटते आहे. ती बोलत काही नव्हती, पण भांडी बोलत होती. पळी हवी की डबा ओटीत घेऊन ढवळायचा, सगळं खळखळ ओट्यावर ओतायचं. फडकं टोपलीच्या तळाशी. लाटणं रोज नव्या ठिकाणी. एका सकाळी आईने बिस्किटांचा साचा शोधताना डबा पाडला. चमचे चुलीखाली गेले आणि ती खाली बसून ते गोळा करू लागली.

"सवय होईल, आई," झेनाइदे म्हणाली.

"सवय मला कशाची व्हायची? जुन्या ओट्याच्या खणात मला जन्मभर हात घातला की चमचा सापडायची सवय आहे."

"खण सोडून काहीही सांग. करून देते."

आई उठली. हातात चमच्यांची जुडी होती. ती म्हणाली, "ओटा माझ्या मापाने केलास, बाई. फार चांगला केलास, माझे खांदे दुखायचे थांबले. पण कपाटं तू त्या आनाक्लेतोच्या जिभेच्या मापाने केलीस. इथे रांधायचं मी आणि माप त्याचं?"

झेनाइदेला ते लागलं. लागलं म्हणूनच ती फटकन बोलून गेली, "मग त्या दिवशी ताट लपवलंतच कशाला? एक घास दिला असता तर काय बिघडलं असतं? मी शाळेत काय काय ऐकून घेतलंय, माहीत आहे तुला?"

बेलार्मिनो कट्ट्याशेजारी संत्रं सोलत होते, त्यांचा चाकू थांबला. आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

"त्या वर्षी हिमाने कॉफी जळाली होती," आई म्हणाली. "सगळा डोंगर काळा पडला. तुझी आजी, तुझे बाबा आणि मी, आंगूवर दिवस काढत होतो. मक्याचं पीठ पाण्यात घाटायचं आणि बांधावरची रानभाजी, मीठ असलं तर असलं. त्या दुपारी तेच ताटात होतं. तेवढ्यात दारात आनाक्लेतो! आता पाहुण्यासमोर आपण खायचं आणि त्याला वाढायचं नाही, हे व्हायचं नाही. आणि त्याला काय ते वाढायचं? डुकराला घालतात ते? तुझ्या आजीने डोळ्यांनी खुणावलं, ताटं आत गेली. बाजारात विकायला एक चीज ठेवलं होतं, ते मी त्याच्यापुढे ठेवलं. ते कापायला सुरी हवी म्हणून त्याने खण ओढला. आजीने लगेच लोटला, म्हणून त्याला वाफ तेवढी दिसली. गावात पोचेपर्यंत त्या ताटात कोंबडीची तंगडी आली होती!"

"चीज तुम्ही त्याला दिलंत?"

"अख्खं खाल्लं मेल्याने."

"आणि हे कोणाला सांगितलं नाहीत? इतकी वर्षं कंजूष म्हणवून घेतलंत?"

"म्हणू दे की कंजूष. कंजूष म्हटलं म्हणजे घरात काहीतरी आहे असं तरी होतं." ओर्लांदिनाने चमचे डब्यात टाकले. "भुकेली म्हणून माझी कोणी कीव केलेली मला चालली नसती. तुझ्या आजीला तर मुळीच नाही."

झेनाइदेला लहानपणापासून आईबापांची लाज वाटत आली होती. तिने आईकडे पाहिलं, आणि या ठेंगण्या बाईबद्दल तिचा ऊर असा भरून आला की डोळ्यांना पाणी आलं. ती सरळ खुराड्याकडे गेली. कोंबड्या हाकलून तिने जुनं टेबल ओढत अंगणात आणलं.

बेलार्मिनो पक्कड घेऊन मागोमाग आले. "मी ठोकलेत, मीच काढतो," ते म्हणाले. एकेक गंजका खिळा करकरत निघाला. त्यांना धाप लागत होती, तरी पक्कड त्यांनी लेकीच्या हाती दिली नाही. शेवटचा खण उघडला तेव्हा आत उंदराने कुरतडलेलं एक लाटणं निघालं. आजीचं होतं.

राजांच्या सणाला फार दिवस उरले नव्हते. झेनाइदेने कारखान्यातली बाकी सगळी कामं बाजूला सारली. जुनं टेबल मधोमध धरून दोन्ही अंगांनी पेरोबाच्या फळ्या जोडल्या, टेबल स्वयंपाकघरातून निघून थेट पडवीत गेलं. दोन्ही बाजूंनी, प्रत्येक बसणाऱ्यासमोर, खण. जुन्या खणांच्या मुठी जशा होत्या तशाच नव्यांना केल्या. ओट्याखाली आईच्या हाताशी आणखी खण केले, पळ्यांचा वेगळा, फडक्यांचा वेगळा, साच्यांचा वेगळा. आईने डोळे मिटून हात घातला आणि लाटणं काढलं. "आता झालं माझं स्वयंपाकघर," ती म्हणाली.

सणाच्या दिवशी मंडळी गात गात टेकडी चढून आली. आनाक्लेतो पुढे, गळ्यात अकॉर्डियन, मागे रंगीत फितींचं निशाण. रीतीप्रमाणे ओर्लांदिनाने निशाण हातात घेऊन घरभर फिरवलं. माजघर, झोपायची खोली, आणि शेवटी नव्या स्वयंपाकघरात प्रत्येक कपाटासमोर ती थांबली, जणू एकेकाची ओळख करून देत होती. मग सगळे टेबलाशी बसले.

टेबलावर काहीच नव्हतं. ना ताट, ना ग्लास, ना पावाची टोपली. जुनं पांढुरकं लाकूड आणि नवं गुलाबी लाकूड, बस. खुर्च्या सरकायच्या थांबल्या. कोणी खाकरलं, कोणी शेजाऱ्याला कोपर मारलं. झेनाइदे चुलीजवळ उभी होती. आज जर हे हसून उठले, तर नाव तिच्या पोराबाळांनाही पुरणार होतं.

आनाक्लेतोने टेबलावर दोन्ही तळवे टेकले. "दोना ओर्लांदिना," तो गोड आवाजात म्हणाला, "मी घरून जेवून आलो असतो तर बरं झालं असतं वाटतं. का खणात बघू?"

हशा पिकला. ओर्लांदिना हसली नाही, रागावलीही नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा की. तुम्हाला कधी विचारावं लागलंय?"

त्याने खण ओढला. आत पांढरंशुभ्र ताट होतं, सुरी, काटा, घडी घातलेलं भरतकामाचं फडकं, आणि ताटात चीज-पावाचा गोळा, इतका गरम की फोडताच वाफ आली. पडवीपर्यंत सगळ्यांनी आपापले खण ओढले. प्रत्येकात ताट, प्रत्येकात गरम गोळा. एक पोरगी ओरडली, "माझ्यापण!" आणि मग एकदम कल्ला उसळला. पण यावेळी कोणी कोणाला हसत नव्हतं.

चुलीवरची झाकणं निघाली. भेंडी घातलेली कोंबडी, डुकराचं भाजलेलं मांस, पिठात परतलेला राजमा, भात, केळी, पेरूचा पाक आणि त्यावर चीज. ओर्लांदिना मोठं पातेलं घेऊन सरळ आनाक्लेतोकडे गेली. सगळ्यांच्या आधी तिने त्याच्या ताटात आंगूचा घट्ट पिवळा गोळा टाकला आणि त्यावर रानभाजी.

"हे काय?" आनाक्लेतो म्हणाला.

"त्या दिवशी खणात होतं ते." तिचा आवाज पडवीच्या टोकापर्यंत गेला. "हिमाचं वर्ष होतं. घरात हेच होतं आणि हे तुम्हाला वाढायची आम्हाला लाज वाटली. आज घरात सगळं आहे, म्हणून हेही वाढते. कोंबडीची तंगडी मागून येते. तुमच्या गोष्टीत ती तेव्हाच आली होती ना?"

आनाक्लेतोने ताटाकडे पाहिलं. त्या हिमाच्या वर्षी त्याच्याही घरी काही वेगळं शिजत नव्हतं, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खायला लागला. मान वर न करता सगळं संपवलं.

"आणखी वाढू?" ओर्लांदिनाने विचारलं.

"वाढा," तो म्हणाला. थोड्या वेळाने, फक्त तिला ऐकू जाईल असं, "त्या दिवशीचं ते चीज फार चांगलं होतं हो."

"माहीत आहे मला. मीच केलं होतं."

जेवणं झाली. आता टेबलाचे आभार गायचे असतात. उभं राहून म्होरक्या कवन रचतो आणि बाकीचे शेवटची ओळ ओढून धरतात. पुढचं वर्षभर गाव तेच गुणगुणतं. झेनाइदेच्या हातात ओलं फडकं होतं, ते ती पिळत राहिली. आनाक्लेतोने अकॉर्डियन गळ्यात घातलं, एक लांब सूर धरला आणि डोळे मिटून गायला लागला:

सुखी राहो ही चूल, सुखी राहो हे घर,
भरल्या हातांनी इथे वाढलं पोटभर;
नाव मीच ठेवलं, मीच आज गातो,
खणवाल्यांच्या खणाला हात जोडून जातो.

मंडळींनी शेवटची ओळ उचलली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा छपराला भिडेल अशी. बेलार्मिनो कट्ट्यावरून उठले, आपल्या जागेवर जाऊन बसले, समोरचा खण त्यांनी ओढला आणि संत्री सोलायचा चाकू त्यात ठेवून पुन्हा लोटला.

मंडळी उठताना आनाक्लेतो झेनाइदेजवळ थांबला. "माझ्या सुनेला स्वयंपाकघर करून हवंय," तो म्हणाला.

"करू की, काका. खण हवेत ना?"

"हवेत म्हणजे काय? त्यांच्यासाठीच तर सांगतोय, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी झेनाइदे कारखान्याच्या दारात शिडी लावून रंगाचा डबा घेऊन चढली. खाली आई, हातात कॉफीचा थर्मास. 'लाकूडकाम' या शब्दाच्या वर बरीच जागा रिकामी होती. झेनाइदेने तिथे पहिलं अक्षर काढलं आणि आईकडे वळून पाहिलं.

"मोठं काढ," ओर्लांदिना म्हणाली. "खणवाले. पलीकडच्या टेकडीवरून वाचता आलं पाहिजे."